‘तुझं मत धरता येणार नाही’

ताई,
मी ऐरोलीत राहते, महापेला नोकरी करते. एका राज्यव्यापी पक्षीनिरीक्षक संस्थेची ठाण्यात शाखा आहे. गेली तीन वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी शाखेबरोबर बाहेर पडते. कधी येऊरचं जंगल, कधी ठाण्याची खाडी. खाडीवरच्या मोजणीची पत्रकं मीच भरते. शाखेचे अध्यक्ष काका दुर्बिणीतून आकडे सांगतात, मी लिहिते आणि घरी येऊन संगणकावर चढवते. दर वर्षी 500 रुपये वर्गणीही देते.

ऑगस्टमध्ये घंटाळीजवळ शाखेची सभा झाली. मागच्या दोन प्रदर्शनांतून उरलेले 68 हजार रुपये शाखेकडे शिल्लक आहेत. आम्हा मोजणीवाल्यांचं म्हणणं होतं, त्यातून एक स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचे पक्षी ओळखायला तिवईवर लावायची मोठी दुर्बीण, घ्यावा. जुन्या मंडळींचं म्हणणं, पक्षी सप्ताहात पुन्हा छायाचित्रांचं प्रदर्शन भरवावं. मतदानाला मी हात वर केला. काका माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तू हात खाली घे गं. तुझं मत धरता येणार नाही, तू आजीव सभासद नाहीस.’ माझ्यासारखे आणखी सहा जण होते, त्यांचेही हात खाली गेले. मग सचिवांनी फोनवर आलेली चार मतं वाचून दाखवली. त्यातले एक गृहस्थ 12 वर्षांपूर्वी नाशिकला गेले, एक बाई मुलाकडे अमेरिकेत असतात. प्रदर्शन 13 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झालं. आमची सात धरली असती आणि फोनची चार सोडली असती, तर निकाल उलटा लागला असता.

त्यानंतर मी गेले नाही. आम्ही आठ जण वेगळी संस्था काढायचं म्हणतोय. जो राबतो त्याला मत नाही आणि जो येतच नाही त्याला आहे, हे बरोबर आहे का?
ऐरोलीची एक वाचक

प्रिय वाचक,

त्या वाक्यातला ‘गं’ मला टोचला. काका चिडून बोलले असते तर तू तिथल्या तिथे उत्तर दिलं असतंस. त्यांनी घरातल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, म्हणून तुला काही सुचलं नाही आणि ते आत राहून गेलं. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, हे बरोबर नाही. पण ते सुधारायचं कसं, यात मात्र तुझं आणि माझं मत वेगळं पडणार आहे. तेवढं ऐकून घे.

पहिलं काम म्हणजे त्या 500 रुपयांची पावती शोध. तिच्यावर वर कुणाचं नाव छापलंय? मूळ संस्थेचं, नोंदणी क्रमांकासकट? की स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पावतीपुस्तकातलं पान आहे, ज्यावर शाखेचा रबरी शिक्का मारलाय? शाखांमध्ये हा घोळ सर्रास असतो. खजिनदार वर्गणी घेतात, ती बसच्या आणि सभागृहाच्या भाड्याला लागते आणि मुख्य कार्यालयाच्या सभासद नोंदवहीत तुमचं नाव चढतच नाही. देणाऱ्याला वाटतं, आपण सभासद झालो. घेणाऱ्यालाही प्रामाणिकपणे तसंच वाटत असतं. खरं काय ते कळतं मतदानाच्या दिवशी.

आपल्याकडे अशा बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या असतात, आणि महाराष्ट्रात त्यांची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद असते. 1860 च्या कायद्याचं 15 वं कलम सभासद कोणाला म्हणायचं ते सांगतं. संस्थेच्या नियमांप्रमाणे ज्याला दाखल करून घेतलंय, ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आहे, आणि ज्याने राजीनामा दिलेला नाही, तो सभासद. त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलीय, त्याला त्या कायद्याखालच्या कामकाजात मत नाही आणि त्याला सभासद म्हणून मोजायचंही नाही.

यात ‘आजीव’ हा शब्द कुठेच नाही. आजीव, वार्षिक, कुटुंब सभासद, हितचिंतक हे सगळे भेद संस्थेची घटना करते. मताचा अधिकार फक्त आजीव सभासदांना आहे असं तुमच्या घटनेत लिहिलं असेल, तर काकांनी नियमाने केलं. ‘सर्व सभासदांना’ असं लिहिलं असेल आणि तुझं नाव मूळ यादीत असेल, तर सात हात चुकीने खाली गेले. फोनवरच्या मतांचंही तसंच. गैरहजर माणसाने मत कळवायची किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय घटनेत असेल तरच ते मोजायचं. नसेल, तर मत अमेरिकेतून येवो की नौपाड्यातून, ते बाजूला ठेवायला हवं होतं.

शाखेचे स्वतःचे वेगळे नियम आहेत का, हेही बघ. सहसा नसतात. शाखेची वेगळी नोंदणीही नसते. ते 68 हजार शाखेच्या खात्यात असले तरी हिशेबाला मूळ संस्थेचेच. म्हणजे शाखेला जेवढं ठरवायचा अधिकार मूळ संस्थेने दिलाय, तेवढंच ती ठरवू शकते. घटनेची प्रत तुझ्याकडे नाही हे मी गृहीत धरते, कारण ती कुणाकडेच नसते. ती माग. लेखी माग.

हे झालं कागदाचं. आता तुझ्या प्रश्नातला खरा भाग.

आपण सोसायट्यांमध्ये राहणारी माणसं. मत कोणाचं, याची आपली सगळी समज इमारतीतून आलेली असते. दहा वर्षं राहणारा भाडेकरू गणपतीत आरतीला उभा राहतो, पाणी नसलं की टँकरला फोन करतो, पण सर्वसाधारण सभेत मत त्याचं नसतं. मत मालकाचं, मग तो दुबईला का असेना. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण घर त्याचं आहे, भिंतीला तडा गेला तर नुकसान त्याचं आहे. तुमचे आजीव सभासद नकळत असाच विचार करतात. त्यांनी 20-25 वर्षांपूर्वी एकरकमी पैसे भरले, तेव्हा ते घर त्यांचं झालं.

पण छंदाच्या मंडळाला भिंती नसतात. त्याची मालमत्ता म्हणजे माणसांचे रविवार. पहाटे साडेपाचला उठून कोण येतं, चिखलाच्या कडेला तीन तास कोण उभं राहतं, यावर ते चालतं. निर्णय चुकला तर तडा त्या रविवारांना जातो. म्हणून माझं म्हणणं असं की ज्याचा रविवार जाणार आहे, त्याला त्या रविवारापुरतं तरी विचारायलाच हवं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बरीच वर्षं मी ठाण्यातल्या एका बागप्रेमी मंडळाची सचिव होते. आम्ही महिन्यातून एकदा रविवारी सकाळी जमायचो, कुणाच्या तरी गच्चीवर. कलमं बांधायची, खत कालवायचं, रोपांची देवाणघेवाण. एका वर्षी सभेत विषय आला की रविवारी घरी पाहुणे असतात, तेव्हा बुधवारी दुपारी जमू या. आमच्यातल्या निवृत्त मंडळींना ते सोयीचं होतं, आणि मताचा अधिकार असलेले जवळजवळ सगळे निवृत्तच होते. नोकरी करणारी नवी मुलं वार्षिक वर्गणीवर होती. त्यातल्या एकाने हात वर केला. दोन्ही तळव्यांना माती लागलेली होती, कारण सभेआधी तोच कुंड्या भरत बसला होता. त्याला ‘तुम्हाला मत नाही’ असं मीच सांगितलं. त्याने हात खाली घेतला, पँटला पुसला आणि काही बोलला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त मीच लिहिलं, त्यात काना-मात्रेची चूक काढता आली नसती. वर्षभरात 40 जणांचे आम्ही 9 राहिलो. कुणी भांडून गेलं नाही, फक्त बुधवारी कुणी येईना. तो मुलगा पुढे एकदा राम मारुती रोडवर भेटला, छान हसला, बागेचा विषय त्याने काढला नाही. नियमाने वागूनही मी त्या मंडळाचं नुकसान केलं, हे मला आजही वाटतं. म्हणून तुझं पत्र इतर पत्रांच्या आधी घेतलं.

पण मग ‘जो येईल त्याला मत’ असा नियम करावा का? नको. तेही मी पाहिलंय. सभेच्या आदल्या आठवड्यात धडाधड पावत्या फाडल्या जातात, कुणाचे भाचे, कुणाच्या ऑफिसमधले लोक खुर्च्या भरतात, हात वर करतात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. असा ठराव फोनवरच्या चार मतांपेक्षा जास्त वाईट. आजीव सभासदाने निदान कधीतरी काही दिलेलं असतं. आणि तूच लिहिलंयस, ते 68 हजार प्रदर्शनांतून आलेत. ती प्रदर्शनं कुणी उभी केली? फ्रेमा कुणी वाहिल्या, शाळांना पत्रं कुणी घातली? जुन्या मंडळींना प्रदर्शन हवंसं वाटलं यात लबाडी नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रोहित पक्षाच्या फोटोपुढे उभी राहिलेली शाळेतली पोरं आहेत. तुझ्या डोळ्यांसमोर ओहोटीचा चिखल आहे, ज्यात दोनशे मीटरवरचे चिखल्या आणि तुतवार साध्या दुर्बिणीत ठिपक्यासारखे दिसतात आणि पत्रकात ‘अनोळखी लहान पाणपक्षी, अंदाजे 300’ असं लिहावं लागतं. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 साली अभयारण्य झाला, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. अशा जागेच्या नोंदीत ‘अनोळखी, अंदाजे’ लिहिताना हाताला लाज वाटते, हे मला कळतं. स्कोप हवाच. पण हवी असलेली गोष्ट मिळाली नाही आणि मत मिळालं नाही, या दोन तक्रारी वेगळ्या ठेव. त्या एकत्र केल्यास की समोरचा म्हणणार, हिला नियम बदलायचाय तो स्कोपसाठी. आणि त्याचं म्हणणं खोटं ठरवणं तुला अवघड जाईल.

म्हणून माझा सल्ला तुला आवडणार नाही: ऑगस्टचा ठराव आहे तसा राहू दे. घटना वाचल्यावर तो नियमबाह्य निघाला तरी राहू दे. चूक दाखव, इतिवृत्तात नोंद करायला सांग, पण प्रदर्शन थांबवू नकोस. नियम बदलायचा तो पुढच्या प्रश्नासाठी, अजून कुणाला माहीत नसलेल्या प्रश्नासाठी. तेव्हाच लोक आपला फायदा-तोटा न बघता बोलतात.

आता नियम काय मागायचा. सगळ्याच निर्णयांना एकच मतदार यादी लावायची गरज नाही. घोळ तिथेच होतो. मूळ संस्थेला बांधून घेणाऱ्या गोष्टी, म्हणजे पदाधिकारी कोण, मोठी रक्कम कशावर, संस्थेचं नाव कुठे वापरायचं, या नोंदवहीतल्या सभासदांनी ठरवाव्यात. मात्र सभासद म्हणजे चालू वर्गणीचा कुठल्याही प्रकारचा सभासद, दाखल होऊन निदान तीन महिने झालेला. आजीव-वार्षिक हा फरक मतापुरता काढून टाका. आणि एका माणसाचं मत एकाच शाखेत. नाशिकला गेलेल्या गृहस्थांनी दर एप्रिलला कळवावं की यंदा मी कुठल्या शाखेत. त्यांना ठाणेच हवं असेल तर ठाणे, पण मग सभेला यावं. माणूस दूर गेला म्हणून त्याचं नाव काढू नये, हे मी मुद्दाम सांगते. बारा वर्षांनंतरही ते तुमच्या सभेसाठी फोन करतात, म्हणजे त्यांचा जीव अजून येऊरच्या रस्त्यावर आहे.

रविवारच्या गोष्टी वेगळ्या. कुठे जायचं, किती वाजता, मोजणी दर महिन्याला की आड महिन्याला, सामाईक सामान कुठलं घ्यायचं आणि ते कुणाच्या घरी ठेवायचं, हे मागच्या बारा फेऱ्यांपैकी निदान सहांना जे आले त्यांनी ठरवावं. सभासद असोत की नसोत. त्यासाठी शाखेने दर वर्षी ठरावीक रक्कम त्यांच्या हाती द्यावी, पाच हजार का होईना. त्यातून स्कोप येणार नाही, पण तिवई येईल, पत्रकं छापता येतील, बोटीचं आगाऊ भाडं भरता येईल.

काही गोष्टी मात्र मतदानाला टाकायच्याच नसतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आपण हात वर करून ठरवत नाही. तसंच घरट्याचं. येऊरला घुबडाचं घरटं कुठे आहे हे सगळ्यांना सांगायचं का, यावर 13 विरुद्ध 6 काय आणि 19 विरुद्ध 0 काय. ज्याला त्या पक्ष्याची जाण आहे त्याने नाही म्हटलं की नाही. बोटीवर किती जण चढायचे हेही नावाड्याचं काम.

हे सगळं सभेत उठून मांडू नकोस. सभेत मांडलेली नवी गोष्ट जुन्या माणसांना आरोपासारखी ऐकू येते. आधी काकांच्या घरी जा. एकटी जा, सात जणांचं शिष्टमंडळ नको. फोन करून वेळ घे, चहा घे आणि सांग की त्या दिवशी मला वाईट वाटलं. या एका वाक्यात तक्रार नाही आणि ते खरंही आहे. मग अर्जाचा मसुदा त्यांच्या हातात दे आणि ‘काका, यात काय बदलू?’ असं विचार. मसुदा लहान असू दे. साधारण असा:

‘मी शाखेच्या उपक्रमांत तीन वर्षं नियमित सहभागी आहे आणि वार्षिक वर्गणी भरते. माझं नाव मूळ संस्थेच्या सभासद नोंदवहीत आहे का, ते कळवावं. नसल्यास नोंदवण्यासाठी काय करावं, ते सांगावं. संस्थेच्या घटनेची प्रत आणि ऑगस्टच्या सभेचं इतिवृत्त पाहायला मिळावं. शाखेच्या सभेत मताचा अधिकार कोणाला, याबद्दल लेखी नियम करण्याचा विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, ही विनंती.’

एवढंच. मागण्यांचं पत्रक करू नकोस. सही तुझ्या एकटीची असू दे, बाकीच्यांनी आपापले अर्ज द्यावेत. सात वेगवेगळे अर्ज आले की सचिवांना सात नावं यादीत शोधावी लागतात. शोधताना त्यांच्याच लक्षात येईल की किती जणांची वर्गणी पुढे गेलेली नाही आणि किती जुन्या वार्षिक सभासदांची थकलेली आहे.

वेगळ्या संस्थेबद्दल. काढता येईल. कायद्याला सातच माणसं लागतात, तुम्ही आठ आहात. पण दर वर्षी हिशेब तपासून घ्यायचे, पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा, बँकेचं खातं, सह्या, शिक्के. हे सगळं करणारा एक माणूस लागतो, आणि तुझ्या पत्रावरून मला दिसतं की ती तूच असशील. मग पत्रकं कोण भरणार? आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे कोपरखैरण्याची एखादी विशीतली मुलगी येईल, दर रविवारी येईल, पावती फाडलेली नसेल. तिने हात वर केला की तुम्ही आठ संस्थापक एकमेकांकडे बघाल. हा प्रश्न तुमच्याबरोबर नव्या घरी येणारच आहे, तर जुन्या घरात सोडवून बघ. वर्षभर प्रयत्न करून दार बंदच राहिलं, अर्जाला उत्तरच आलं नाही, तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी तुला थांबवणार नाही.

राहिला प्रश्न मधल्या महिन्यांचा. पक्षी सप्ताह 5 नोव्हेंबरला सुरू होतो, प्रदर्शनाची तयारी आता चालू असणार. खाडीच्या मोजणीला एक फलक मिळावा म्हणून विचार. तीन वर्षांचे आकडे, महिन्यावार, मोठ्या अक्षरांत, आणि त्यात ‘अनोळखी, अंदाजे’ किती वेळा लिहावं लागलं तोही आकडा. बघायला येणाऱ्यांतलाच कुणीतरी विचारेल, असं का? तेव्हा उत्तर द्यायला तिथे उभी राहा.

आणि या रविवारी जा. पत्रकं भरायला कुणीतरी लागतंच.

काकांकडे जाशील तेव्हा तीन वर्षांची ती पत्रकं बरोबर ने. दर पत्रकाच्या तळाशी हजर असलेल्यांची नावं असतात ना? बारातल्या सहा फेऱ्यांचा नियम लावायला वेगळी हजेरीवही नको, ती तुझ्याच अक्षरात तयार आहे. मसुद्याआधी तीच त्यांच्यापुढे उलगड. प्रत्येक पानावर तुझ्या नावाच्या वर कुणाचं नाव आहे, ते त्यांना वाचू दे.